सारसोळे जेट्टीवरच्या मंडळींचे आभार

रविवारी सकाळी नेरूळच्या सारसोळे जेट्टीवर ज्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं, त्यांची नावं कळली नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

आधी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारे काका. गळ, मुलं, आई, डबे अशी आमची वरात बघून त्यांनी हसू आवरलं, हेच मोठं. भरतीचा हिशोब त्यांनीच समजावला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी होती, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. "पाणी फिरलं की पोरांना आधी वर घ्या, खाडीचा गाळ पाय सोडत नाही." पाण्यात पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं, म्हणजे तळाशी पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असलं तरी आधीच सरकतं. हे त्यांनी मुलांकडून करूनच घेतलं.

मग मावशी. लेकीच्या गळाला शिंगाळा लागला. ती हात घालणार, एवढ्यात मावशींनी तिचं मनगट धरलं. पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन, असे तिन्ही काटे पक्कडीने मोडले, मासा फडक्यात धरून गळ सोडवला आणि मगच तिच्या हातात दिला. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, हेही सांगितलं. कालवणात चिंच किती, यावर मात्र त्यांचं आणि आईचं शेवटपर्यंत जमलं नाही!

आणि खारफुटीत अडकलेली आमची तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, न तोडता सोडवून देणारा तो मुलगा. आमिषाच्या कोळंबीचे पैसेही त्याने घेतले नाहीत. दादा, ते उधार आहेत.