माझ्या हिशेबी मांड

प्रिय बेटा,

सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पुण्यात आल्यापासून मी देवळात जात नाही आणि मला मोकळं वाटतं." मी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला. रागावलो नव्हतो. 'मोकळं' या शब्दाशीच अडलो होतो. तुझा बाप एक रविवार न चुकवता देवळात जातो, दानाची थैली फिरवतो, बायबलचं वाचन करतो. त्यातली अकरा वर्षं तो अजिबात मोकळा नव्हता आणि हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

आजीच्या मागे नागपुरातलं मोहन नगरचं घर विकलं तेव्हा सगळा व्यवहार मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या दादाने पाहिला. माझ्या हिशेबाने माझ्या वाट्याला १,८०,००० रुपये कमी आले. मी चकार शब्द काढला नाही. गप्प बसलो आणि डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: येणे, दादाकडून. जन्मभर कॅशियरकी केलेला माणूस मी, आकडा नुसता पडून कसा राहू देणार? दर ३१ मार्चला ९ टक्क्यांनी व्याज चढवायचो. अकराव्या वर्षी रक्कम ४,६४,००० च्या वर गेली होती. दादाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही नाताळाला एकमेकांकडे करंज्यांचे डबे पाठवायचो, तेही मुलांच्या हातून.

आणि दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणायचो. आपल्या मराठीत तिथे सरळ 'ऋण' शब्द आहे, ऋण्यांस ऋण सोडण्याची भाषा आहे. कॅशियरला त्यातून पळवाट नाही. तरी म्हणायचो, मोठ्या आवाजात. एकदा मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत महाल भागात गर्दी ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" तेव्हा मी मनातल्या मनात दादाचंच नाव घेतलं होतं. आईला सांगू नकोस, ती वर्षभर हसेल.

मग तो मे महिना. बुधवारची घरसभा, लाईट गेलेली, वाचनाची पाळी माझी. लवकर आटपावं म्हणून नव्या करारातलं, प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढलं, कारण त्यात २५च ओव्या आहेत. हेतू इतकाच होता. पौल तुरुंगात आहे. फिलेमोनाचा पळालेला गुलाम अनेसिम त्याला भेटलाय, विश्वासी झालाय, आणि पौल त्याला चिठ्ठी देऊन मालकाकडे परत पाठवतोय. अठराव्या ओवीपाशी आलो. तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. आणि पुढच्याच ओवीत: मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन.

बेटा, माझा आवाज अडकला. लोकांना वाटलं, मेणबत्तीच्या उजेडात अक्षरं दिसत नसतील.

तोवर मला सगळ्यांनी सांगितलं होतं, जाऊ दे, विसर. पाळकसाहेबही तेच सांगायचे. मला ते कधी जमलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही. येणं असेल तर ते आहे, पुसून टाकणं म्हणजे खोटी वही ठेवणं. पौल पुसायला सांगतच नाही. देणं नाहीच, असं तो म्हणत नाही. तो फक्त खात्याचं नाव बदलतो. वधस्तंभावर ख्रिस्ताने काय केलं, हे लहानपणापासून पाठ होतं. पण ते माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावरही केलंय, हे मला त्या रात्री कळलं. कवी ना. वा. टिळकांना नवा करार नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी साहेबाने दिला, त्यांनी तो वाचून काढला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मला तो वारशाने मिळाला, म्हणून मी तो नुसता काखेत धरून फिरलो.

आता तुझा जुना प्रश्न. तू नववीत असताना विचारलं होतंस, "गुलामगिरी चूक आहे, असं पौलाने सरळ का नाही लिहिलं?" मी म्हणालो होतो, "शास्त्राला प्रश्न विचारू नये." चुकलंच माझं. प्रश्न रास्त होता. १८५० साली अमेरिकेत पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्या पाळकांनी हेच पत्र पुढे केलं होतं. दीक्षाभूमीच्या गावात राहून त्यांची वकिली मी तरी करणार नाही. पण सोळावी ओवी त्यांनी गिळली: यापुढे दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून. ज्याला भाऊ म्हणून जेवायला बसवायचं, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा जुवाला कसं जुंपणार? पोळ्याच्या बैलासारखी एका दिवसाची मोकळीक पौलाला चालत नाही, गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात त्याने तेच सांगितलंय.

त्या घरसभेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी दादाकडे गेलो. दार उघडून म्हणाला, "काहून आला बे इतक्या उन्हात?" मोठ्या आईने पन्हं दिलं. आम्ही कूलरच्या ताट्यांवर बोललो, त्याच्या गुडघ्यावर बोललो. घराचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. माफी वगैरे काही झालं नाही. घरी येऊन डायरीत आकड्यापुढे लिहिलं, 'खाते बदलले'. पुढच्या ३१ मार्चला हात सवयीने पेनाकडे गेलाच, हेही सांगतो. पण आकडा चढवला नाही.

फिलेमोनाने पुढे काय केलं, ते शास्त्रात नाही. मला मात्र अनेसिमच डोळ्यांपुढे येतो, ज्या घरातून पळाला त्याच घराकडे स्वतःच्या पायांनी निघालेला.

तू देवळात जा किंवा जाऊ नको, त्याची वही मी ठेवणार नाही. ते पत्र तेवढं एकदा वाच, पोहे भिजेपर्यंत वाचून होतं. त्याच्या शेवटी पौल हळूच लिहितो, माझ्यासाठी बिऱ्हाडाची तयारी करून ठेव. म्हणजे मी येऊन बघणार आहे! मीही येतोय, पुढच्या महिन्यात. संत्र्यांची पेटी आणतो. दादाही येतो म्हणतोय, तेव्हा गादी एक नको, दोन टाक.

तुझा,
बाबा