आता हात काढू का?

प्रिय ताई,

काल लेक पाठीवर तरंगली. एकटी, पंचवीस आकडे मोजून होईपर्यंत. मी काठावर रडत होते आणि तुमचं लक्ष नसल्यासारखं तुम्ही दुसरीकडे बघत राहिलात. त्याबद्दलही आभार, पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

तुमच्याकडे पोहणं शिकायला आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि डोक्यावरून पाणी घेतलं की किंचाळायची. त्याच्या वर्षभर आधी ती पोहण्याच्या तलावात बुडता बुडता वाचली होती. काठावर आम्ही आठ मोठी माणसं होतो. आठ! प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बघतंय. दंडांत हवेचे फुगे होते म्हणून सगळे निर्धास्त, आणि त्यातला एक कधी निसटला ते कुणालाच कळलं नाही. ना हाक आली, ना आरडाओरडा. तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं तेवढ्यात श्वासच पुरा होत नाही, लेकरू ओरडणार कधी? हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात, मदतीसाठी वर होत नाहीत. हे मला तुमच्याकडून कळलं. बाहेर काढल्यावर आमच्यातल्या एकाने तिला उलटं धरलं, दुसऱ्याने पोट दाबलं. ती खोकली आणि श्वास घेऊ लागली हे आमचं नशीब. बुडालेलं मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा असतो, पोट दाबत वेळ घालवायचा नसतो, हेही तुम्हीच शिकवलंत.

मधे एका ठिकाणी शिकायला घातलं होतं. तिथले सर दुसऱ्याच दिवशी "मी धरलंय, घाबरू नकोस" म्हणाले आणि त्यांनी हात सोडला. ती गटांगळ्या खाऊन वर आली तेव्हा म्हणाले, अशीच भीती मोडते. त्यानंतर ती आंघोळीला मलाही जवळ येऊ देईना. जाब विचारायला गेलो तर फी परत मिळाली. चुकलं म्हणून मात्र कुणी म्हणालं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

आणि तुम्ही! पहिले काही दिवस नुसत्या तिच्याशेजारी पायरीवर बसलात. मग एकदा तिच्या डोक्याखाली तळहात ठेवून तिला पाठीवर निजवलंत आणि विचारलंत, "आता हात काढू का?" ती म्हणाली, "नको." तुम्ही म्हणालात, "बरं." दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच "नको", तेच "बरं". अकरा दिवस. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "थोडासा काढा." तुम्ही फक्त करंगळी काढलीत आणि तिला तसं सांगितलंत, "करंगळी काढली."

त्या करंगळीसाठी हे पत्र. सहा वर्षांच्या पोरीला प्रश्न विचारून तिच्या उत्तराप्रमाणे वागणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. तुमच्यासारखी माणसं शिकवतात तिथे मूल ठेवून यायला छाती धडधडत नाही.

तुमचं बघून घरात एक रीत पडली आहे. पाण्याजवळ मुलं असली की एकाने नजर ठेवायची, फोन पिशवीत. उठायचं तर म्हणायचं, "मी उठतेय, आता नजर तुझी." समोरून "हो, माझी" असं ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. भावाचं बाळ रांगायला लागल्यापासून बादली वापरून झाली की रिकामी करून पालथी घालतो, कारण एवढ्या लहान जिवाला वितीपेक्षा कमी पाणीही पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश ही पाच वर्षांखालची मुलं होती. हा आकडा वाचला तेव्हा मला आमच्या काठावरच्या आठ खुर्च्या दिसल्या.

तरंगता आलं म्हणून लक्ष काढायचं नाही, हे तुम्ही काल निघताना पुन्हा बजावलंत. नाही काढणार.

सोमवारी कपड्यांसकट पाण्यात पडायचा सराव आहे म्हणालात. जुना फ्रॉक काढून ठेवलाय. ती सारखी विचारतेय, "ताई आधी विचारतील ना?" मी हो म्हणून सांगितलंय.

तुमची,
तिची आई