उसाला सरवा नसतो

रोहिणीचा पाचवा दिवस

सिद्राम,

चौदा महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. फोन दोनदा लावला आणि तू उचलायच्या आत ठेवला. आज लिहितोय, कारण वाड्यातलं धान्य साठवायचं जुनं पेव उघडं पडलं. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

अमोलला गाडीसाठी शेड घालायचं होतं. जेसीबीवाल्यानं न्हाणीघराच्या मागं पहिलाच घाव घातला आणि जमीन आत बसली. बघतो तर खाली काळोख. दगडी झाकण मोडून आत गेलेलं. पोरं टॉर्च मारायला लागली, एक जण उतरायलाही निघाला. मी ओरडून त्याला मागं घेतलं. कंदील आणायला लावला, दोरानं खाली सोडला आणि आतल्या कोंडलेल्या हवेत वात विझते का बघत उभा राहिलो. अमोल म्हणाला, "दादा, हे कुठं शिकलात?" काय सांगणार त्याला?

तळाशी कडब्याचा भुगा आणि मूठभर काळं पडलेलं टरफल, एवढंच होतं. वास मात्र तोच, आंबूस. मी तिथंच कट्ट्यावर बसलो.

१९७२चा दुष्काळ. आपण नऊ वर्षांचे. तू माझ्यापेक्षा हडकुळा म्हणून आजोबांनी तुझ्या कमरेला दोर बांधला. खालून तू "साप, साप" म्हणून बोंबललास, वर गड्यांची पळापळ झाली, आणि तुझ्या हातात निघाला पोत्याचा काथ्या! तुझी आई, गौराक्का, रडता रडता हसली होती. तळाची खरवडलेली ज्वारी तू पाटीत भरून वर दिलीस. तू वर आलास तेव्हा चड्डीचे दोन्ही खिसे फुगलेले होते. आजोबांनी ते उलटे करायला लावले. दोन-अडीच मुठी सांडली असेल.

सिद्राम, आजोबांना मी सांगितलं होतं. त्यांनी बघितलं नव्हतं. तुला हे कदाचित माहीत असेल, नसेलही. त्रेपन्न वर्षांत आपण सगळ्यावर भांडलो, यावर कधी बोललो नाही. तेव्हा तुमच्या घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि खडी फोडायच्या कामावरची सुकडी, एवढ्यावर चाललं होतं, आणि ते मला माहीत होतं. आता लिहिलं. पुढचं वाच.

माझी शुगर आहे तशीच आहे. मंगलचे गुडघे दुखतात. बाकी ठीक.

आता खरी गोष्ट. गेल्या श्रावणात शेवंता मावशी आमच्या उसात खुरपताना बसल्या जागी आडवी झाली. तीच, तुझ्या गल्लीतली, जिच्या लग्नात आपण बँडवाल्याचा डफ फोडला. मंगलनं तोंडावर पाणी मारलं, साखरपाणी पाजलं. मी तिचं फडकं सोडून बघितलं. शिळा भात आणि खरडा. रेशनचा तांदूळ माणशी पाच किलोतलाच. डाळ नाही, भाजी नाही, भाकरी तर नाहीच. मी विचारलं, मावशी, किती दिवस असं? म्हणाली, "आखाड लागल्यापासनं. दरसालच हाय की वो, त्यात काय नवीन." नवीन नाही हेच मला लागलं. मंगलनं घरातून दोन भाकरी आणल्या. त्या भाकरीची ज्वारी मी मंगळवेढ्याच्या दुकानातून किलोनं आणलेली. ज्वारीचं कोठार म्हणून ज्या गावाचं नाव, तिथं माझी अकरा एकर जमीन, आणि ज्वारी पिशवीतून घरात येते!

तेव्हापासून मी महिने मोजतोय. आपल्याकडे भूक सबंध वर्षाची नसते, ती महिन्यांची असते. जुनी ज्वारी संपलेली आणि नवं काही हाताशी नाही, असे आषाढ, श्रावण आणि अर्धा भाद्रपद. घरातले पैसे मृगाच्या बियाण्यात आणि पोरांच्या वह्यांत गेलेले. उसाचं बिल म्हणशील तर कारखान्यानं मागच्या हंगामाचं आत्ता कुठं निम्मं दिलंय. माझी ही गत, तर खुरपणाऱ्या बाईची काय असेल?

पूर्वी ही फट कशानं भरायची? तुझी आई भरायची ना! माघ-फाल्गुनात आमच्या रानात काढणीला यायची, मजुरी पेंढ्यांत घ्यायची, आणि खळं उठलं की तुला-मला घेऊन सरवा, रानात राहिलेली कणसं, वेचायला जायची. ओंजळ-ओंजळ करून पायलीभर व्हायचं. आजोबा खिसे उलटे करणारे होते, पण सरव्याला त्यांनी कधी कुणाला अडवलं नाही. उसाला सरवा नसतो, सिद्राम. वाढं जनावराला जातं, पाचट पेटवतात, मोळी ट्रकात जाते. सोळा महिने पाणी पिऊन आठ एकर रान गावातल्या कुणाच्या तोंडात घास घालत नाही. मावशीला रोज मिळतो, नाही असं नाही. पण ऐन आषाढात त्या रोजाला दुकानात डाळ किती येते?

तू हे मला बावीस वर्षांपूर्वी बांधावर उभं राहून सांगितलं होतंस. नदीचं पाणी पाईपनं रानात आणलं, पहिली लागण केली, तेव्हा. म्हणालास, "काळ्या रानात ऊस घालतोस, पाखरू बसणार नाही तिथं." आणि मी म्हणालो, तू रेल्वेचा पगार खातोस, तुला पाखरं दिसणारच. दोन वर्षं बोललो नाही आपण. माझ्या बोलण्यात तेव्हाही दम नव्हता. पण तूही त्या दिवशी जेवण न करता गेलास आणि मंगलच्या पुरणपोळ्या वाया घालवल्यास, ते मी सोडणार नाही.

तर ठरवतोय ते असं. पाईपशेजारच्या एकरातला निडवा ऊस मोडला, खोडक्या वेचून झाल्या. काळं रान आहे, त्यात पावसाळाभर काही घ्यायचं नाही. उताराला आडवी नांगरट केलीय, पाऊस पडला की सारा वाफे बांधून पाणी जागेवर जिरवायचं, आणि हस्ताच्या आगेमागे मालदांडी ज्वारी पेरायची. आपल्याच मोहोळात निवडलेलं वाण. पुढं तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी, शेवटची दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आजोबा म्हणायचे.

पण ही ज्वारी येणार शिमग्याला. श्रावणातल्या फटीला तिचा उपयोग नाही. म्हणून ओढ्याकडच्या मध्यम रानात मृगावर मूग. साठ-पासष्ट दिवसांत शेंगा, ऐन श्रावणात. मूग काढून तिथंच पुन्हा ज्वारी. तिथं मालदांडीपेक्षा फुले सुचित्रा चालेल असं सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रातल्या एका साहेबांनी सांगितलं. आणि माळावरच्या दीड एकरात बाजरी. धनशक्ती म्हणून वाण आहे, लोह जास्त असलेलं, पंचाहत्तर दिवसांच्या आसपास निघतं. बायकांच्या अंगात रक्त नाही म्हणून आमची अंगणवाडीताई दरवेळी ओरडत असते, तेव्हा हे आपलं बरं. बाजरीत पाटा टाकायचा, म्हणजे मधेमधे ओळी, मटकी, हुलगा, तीळ, अंबाडी. धाराशिव-लातूरकडच्या बायांनी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर घरातल्या पुरुषांकडून एक-एक एकर मागून घेतलं आणि त्यात धान्य, डाळी, भाजी सगळं लावलं. मंगलनं ते ऐकल्यापासून माळाचा दीड एकर आपलाच समजलाय. बांधाला हादगा आणि शेवगा लावायचे खड्डे तिनं परवाच घेतले, मला न विचारता.

अमोल चिडलाय. एकरी चाळीस टन सोडून तुम्ही हुलगा लावणार, म्हणतो. त्याचा हिशोब चुकीचा नाही. त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचं कर्ज आहे. आणि त्याचं एक बोलणं मला रात्री झोपू देत नाही. म्हणाला, "ऊस कमी केला की मावशीचं खुरपणीचं रोज पण कमी होणार, ते धरलंय का?" नव्हतं धरलं. मग धरलं. म्हणून एकच एकर मोडलाय, सात राहू दिलेत. ते सात बघितले की तुझं बोलणं आठवतं.

दुसरी काळजी पावसाची. आपल्याकडं वर्षाचे साडेपाचशे मिलिमीटर, त्यातलं खरं दान भाद्रपद-अश्विनात पडतं. मृग चुकवून जातो, मग पुष्य-आश्लेषात महिनाभर आभाळ कोरडं. मूग फुलावर असताना ओढ दिली तर गेला. वर मुगानं ओल खाल्ली म्हणून पुढची ज्वारी बसली, तर दोन्हीकडून गेलो. आजोबा काळं रान पावसाळाभर पड ठेवायचे ते आळसानं नव्हे. म्हणून मूग फक्त मध्यम रानातच, आणि एवढं करूनही छातीत धडधडतं.

तिसरी काळजी सगळ्यात अवघड आहे. द्यायचं कसं? गेल्या श्रावणात मंगलनं मावशीकडं अर्धं पोतं ज्वारी पाठवली. तिनं पायलीभर ठेवून घेतली आणि बाकीची डोक्यावर घेऊन परत आणली. म्हणाली, "मला मागायची सवय लावू नगा, वहिनी." मी दारात उभा होतो, वर बघवेना. आता असं म्हणतोय की मुगाच्या तोडणीची मजुरी मुगातच द्यायची, जुन्या मापानं, आणि बाजरी काढल्यावर रान चार दिवस मोकळं सोडायचं. जनावर घालायचं नाही, कुळव घालायचा नाही. जिला वेचायचं ती वेचेल. पण आता कुणी सरवा वेचायला येईल का रे? पोरींना त्याची लाज वाटेल का? तुला कधी वाटली होती?

तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं दिगूकडून कळलं. काळजी घे. पोरीचं बेंगळुरूचं काय झालं, नोकरी बदलली का? वहिनींना नमस्कार.

पेव बुजवलं नाही. शेड पुढं सरकवलं. लोखंडी झाकण करून घेतोय.

आता काम सांगतो. गौराक्काला विचार, तिची आठवण शाबूत आहे तोवर. ती आमच्या माळावर पाटा टाकायची तेव्हा बाजरीच्या किती ओळींनंतर टाकायची? सहा की आठ? हुलगा आणि मटकी एकाच चाड्यातून सोडायची की वेगळ्या ओळीत? अंबाडी ती कडेनं लावायची हे मला आठवतं, कारण पाला खुडायला आपल्याला पाठवायची. आणि राळा कुठं असायचा? मंगलला राळा पाहिजेच आहे आणि इथं एकालाही सांगता येत नाही. मृगाला दहा दिवस आहेत. पत्र मिळाल्या मिळाल्या तिला विचारून फोन कर, मी उचलीन. जमलं तर तिलाच घेऊन ये. तिच्या हातानं पहिली ओळ पडली तर मला बरं वाटेल.

तुझा,
पांडुरंग