उंदराच्या प्लीहेवरच्या गाठी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. ताईला मूळपेशी, म्हणजे ज्यांतून सगळं रक्त तयार होतं त्या स्टेम सेल, देण्यासाठी तुझं तिच्याशी पूर्ण जुळलं हे वाचून खुर्चीतून उठलोच. सख्ख्या भावंडांत असं जुळण्याची शक्यता चारात एक, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत मीही देव पाण्यात घालून बसलो होतो. पण पत्राच्या शेवटी, समासात बारीक अक्षरात तू जे विचारलंयस, त्यानं रात्री झोप लागली नाही. ‘माझ्यातल्या मूळपेशी काढून दिल्यावर मला पुरतील ना?’ हे तू घरात कुणाला विचारलं नसशील, ताईसमोर तर नाहीच. मला विचारलंस, बरं केलंस. त्यात स्वार्थ बिलकूल नाही.

उत्तर आधी सांगून टाकतो : पुरतील. जे देशील ते काही आठवड्यांत भरून येईल. हे आपल्याला कळलं कसं, तेही तुला सांगायचंय, कारण मला त्याचाच फार आधार वाटतो.

माझा अर्धा दिवस बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मज्जेच्या, स्लाइड बघण्यात जातो, तुला माहीतच आहे. सुईनं ओढलेले थेंब काचेवर टाकून काच तिरकी धरली की रक्त खाली ओघळतं आणि मज्जेचे कण वर राहतात, ओल्या वाळूसारखे, जरा तेलकट चकाकणारे. ते दिसले की जीव भांड्यात पडतो; नाहीतर हाती नुसतं रक्तच आलेलं असतं. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की नुसती गजबज. गडद गोल केंद्रकाच्या, अजून तांबड्या व्हायच्या असलेल्या पेशी, सगळ्या वयांच्या पांढऱ्या पेशी, आणि मध्येच ती अवाढव्य मेगाकॅरिओसाइट, जिचे तुकडे सुटून प्लेटलेट होतात. निरोगी माणसाच्या मज्जेतून सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बाहेर पडतात. शिकत असताना मी सरांना विचारलं होतं, ‘यात स्टेम सेल कुठली?’ त्यांनी स्लाइड सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली आणि म्हणाले, ‘असेल यातलीच एखादी. दाखवता नाही येणार.’ तेव्हा वाटलं, सरांनी प्रश्न टाळला. पण ते खरंच बोलत होते. ती दिसते लिम्फोसाइट नावाच्या साध्या लहान पांढऱ्या पेशीसारखी. नुसत्या रूपावरून कुणालाच ओळखू येत नाही.

मग ती आहे हे कळलं कसं? टोरांटोत अर्नेस्ट मॅक्युलक नावाचे रक्ताचे डॉक्टर आणि जेम्स टिल नावाचे भौतिकशास्त्रज्ञ एकत्र काम करत होते. त्यांना शोधायचं होतं वेगळंच : मज्जेच्या पेशी किती किरणोत्सर्ग सहन करतात. उंदरांची स्वतःची मज्जा किरणांनी मारायची, मग दुसऱ्या उंदराच्या मज्जेच्या पेशी मोजून शिरेतून द्यायच्या. साधारण दहा दिवसांनी, एका रविवारी, मॅक्युलक एकटेच प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी ते उंदीर उघडून पाहिले. प्लीहेवर, म्हणजे पाणथरीवर, बारीक गाठी उठल्या होत्या. त्यांनी त्या मोजल्या आणि आलेख काढला. जितक्या पेशी जास्त दिल्या, तितक्या गाठी जास्त, अगदी सरळ रेषेत. साधारण १० हजार पेशींमागे एक गाठ. हे १९६१ साली छापून आलं, किरणोत्सर्गाच्या नियतकालिकात, इतक्या रुक्ष शीर्षकाखाली की फारसं कुणी वळून पाहिलं नाही. ‘स्टेम सेल’ असं ठामपणे म्हणायचंही त्यांनी टाळलं. गाठ तयार करणारी पेशी, एवढंच म्हणाले. जेवढं मोजलं तेवढंच बोलायचं, या त्यांच्या सवयीवर माझा फार जीव आहे.

पण एक गाठ एकाच पेशीतून आली कशावरून? १९६३ साली त्यांचा विद्यार्थी अँडी बेकर यानं देण्याच्या पेशींवरही किरणं सोडली, म्हणजे काहींची गुणसूत्रं वेडीवाकडी होतील आणि त्यांना आपापली खूण मिळेल. पुढे अशा खुणेच्या गाठी तपासल्या तर एका गाठीत सगळ्या पेशींवर तीच खूण! सगळं गोत एकाच पेशीचं.

आणि आता तुझ्या समासातला प्रश्न. त्याच वर्षी त्यांनी लू सिमिनोविच यांच्याबरोबर एकेक गाठ सुटी केली आणि तिच्यातल्या पेशी नव्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांच्या प्लीहेवर पुन्हा गाठी उठल्या. म्हणजे त्या पहिल्या पेशीनं नुसतं रक्त केलं नव्हतं, स्वतःसारख्या आणखी पेशीही केल्या होत्या. काही गाठींत अशा पेशी भरपूर निघाल्या, काहींत एकही नाही. मला ही उडदंगी फार खरी वाटते. तुझ्या कंबरेच्या हाडात या क्षणी हेच चाललंय. काही पेशी रक्त व्हायच्या वाटेला लागतायत, काही आहेत तशाच राहून स्वतःसारख्या आणखी करतायत. म्हणून तुझा साठा पुन्हा भरतो.

पुढे कळलं की त्यातल्या बऱ्याच गाठी मूळपेशीच्या नव्हत्या, तिच्या एक-दोन पिढ्या खालच्या पेशींच्या होत्या. खरी कसोटी जन्मभर रक्त पुरवण्याची. तीही पार पडली. १९९६ साली जपानमध्ये नाकाउची यांच्या गटानं एकेका उंदराला एकच पेशी दिली, आणि साधारण दर पाचव्या उंदरात त्या एका पेशीतून रक्ताचे सगळे प्रकार पुन्हा उभे राहिले, टिकले. एका पेशीतून! आणि तू तर ताईला लाखोंनी देणार आहेस.

प्रत्यक्षात काय होईल? बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शनं, त्यानं मूळपेशी हाडातून रक्तात उतरतात. मग एका दंडातून रक्त मशीनमध्ये जातं, त्या पेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त परत तुझ्यात. इंजेक्शनच्या दिवसांत कंबर आणि पाठ ठणकेल, चांगलीच ठणकेल. घाबरू नकोस, थोड्या दिवसांत थांबतं.

ताईची वाट सोपी आहे असं मी लिहिणार नाही. डॉनल थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नासच्या दशकात माणसांत दुसऱ्याची मज्जा देणं सुरू केलं तेव्हाचे पहिले रुग्ण वाचले नाहीत. जुळवणी नीट समजायला वर्षं गेली, आणि त्यांना नोबेल मिळालं १९९० साली. तुझ्या पेशी तिच्या शरीराला परकं मानतील का, हे डॉक्टर बारकाईनं बघतील, औषधं देतील. संसर्गाची भीती राहील. हे सगळं त्यांना मोकळेपणानं विचार, वहीत लिहून ने.

एक गोष्ट मात्र ताईला तूच सांग. तुझ्या पेशी तिला साध्या रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून देतील. हाडं कुणी उघडणार नाही. त्या आपल्या आपण वाट काढत मज्जेत जाऊन बसतील. तुमचे रक्तगट वेगळे आहेत ना? काही महिन्यांत तिचा गट तुझा होईल. तिच्या रक्तपेशी तपासल्या तर त्यांत तुझी एक्स-वाय गुणसूत्रं दिसतील. बेकरनं उंदरांत जी खूण किरणांनी उमटवली, ती तुझ्याकडे जन्मतःच आहे. ताई हसेल बघ, लहानपणी तुला सोबत नेत नव्हती आणि आता...

पेशी दिल्यानंतर दोन-तीन आठवडे ताईचे आकडे तळाला असतील. रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा काउंट येईल आणि तुझा जीव वर-खाली होईल. मग एक दिवस तो हलेल. रोजचा आकडा मला कळवत जा, रात्री कितीही वाजले तरी. मी आलेखाचा कागद काढून भिंतीवर लावलाय, तारखा घालून ठेवल्यात.

तुझाच,
मित्र