अक्का, दोन खांब पळून परत येते

अक्का,

पत्राची सुरुवात 'सा. न. वि. वि.'नं करावी म्हटलं, पण भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बायका एकमेकींना असलं काही लिहीत नाहीत. तुम्ही तेलुगू वाचता, मराठी बोलता आणि मराठी अक्षर तुमच्यासाठी बसच्या पाटीपुरतं. तेव्हा हे तुमची नात वाचून दाखवेल. सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितेय, कारण 'एवढ्या वर्षांनी परत पळायला कशी लागलीस' असं विचारणाऱ्यांना मी आजवर अर्धवट उत्तरं दिलीत. वजन वाढलं होतं, सांगते. चांगले बूट घेतले, सांगते. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा फारसा संबंध नाही.

तुम्हाला माझं आधीचं पळणं माहीतच नव्हतं. लग्न होऊन मी या गल्लीत आले ती पतसंस्थेत नोकरी करणारी सून म्हणून. पण कॉलेजात असताना मी पळायचे, आणि बऱ्यापैकी पळायचे. 2003 ची गोष्ट. सोलापूरचं वेगळं विद्यापीठ तेव्हा झालं नव्हतं, ते 2004 चं. त्यामुळे आमची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखाली, आणि क्रॉसकंट्रीसाठी आम्ही पोरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून कोल्हापूरला जायचो. पुढे नोकरी लागल्यावर रस्त्यावरच्या शर्यती सुरू केल्या. 2009 मध्ये 10 किलोमीटर 47 मिनिटांत पळाले. हा आकडा मला माझ्या आधार नंबरापेक्षा पाठ आहे, आणि सगळा घोटाळा त्यानंच केला, पण ते पुढे.

2012 नंतर थांबले. का थांबले याला मोठं काही कारण नाही. दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, मार्चअखेरची कामं, मग कोरोना. 2016 च्या 15 ऑगस्टला माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये पळाली, दहावी आली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठलेली ती पहिली भारतीय बाई. मी धाकट्याला मांडीवर घेऊन टीव्ही बघत होते. शर्यत संपली, पोराला झोपवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच घासलेली भांडी परत घासली.

2023 च्या जूनमध्ये एकदाचं ठरवलं. पहिल्या दिवशी 3 किलोमीटर पळाले, छान वाटलं. तिसऱ्या दिवशी 5, आणि तेही घड्याळ बघत. अंगात 47 मिनिटंवालीच पळत होती ना! चौथ्या दिवशी होम मैदानाच्या कोपऱ्यावर डाव्या पोटरीत मागून कुणी दगड मारावा तसं झालं. वळून बघितलं, मागे कुणीच नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं ते तुम्हालाही सांगितलं होतं मी. दम आधी परत येतो, काही आठवड्यांत बराचसा येतो. पण पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची ती जाड शीर यांना काही महिने लागतात. जुन्या पळणाऱ्याची इथंच फसगत होते. छाती म्हणते चल, डोकं म्हणते मला सगळं आठवतंय, आणि पाय बिचारे कालच भरती झालेले. नवखा माणूस निदान घाबरून तरी हळू पळतो.

पोटरी तीन आठवड्यांत बरी झाली, मात्र होम मैदानावर जाणं मी बंद केलं. तिथं सकाळी जुनी ओळखीची माणसं असतात. एकजण तर रोज विचारायचे, "आता दहाला किती लागतात?" वाईट हेतू नसायचा. तरी मी वाट बदलली. पहाटे साडेचारला, अंधारात, आपल्याच गल्लीतून पुढच्या चौकापर्यंत आणि परत, ओढणी डोक्यावरून घेऊन. कारखान्यांचे माग रात्रपाळीत खडखडत असायचे, त्यात माझ्या पायांचा आवाज कुणाला जात नसे. निदान माझी तशी समजूत होती.

तुम्ही दारात बसला होतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात कापलेली पानं. दिवा नाही. रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात तुमची बोटं चालली होती. मी तिसऱ्यांदा समोरून गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, "कुणाच्या भीतीनं पळू लालीस गं?"

मी थांबले. खरं म्हणजे थांबायला निमित्तच हवं होतं. पायरीवर बसून मी तुम्हाला सगळं सांगितलं, 47 मिनिटांसकट. तुम्हाला मिनिटांचं काही कळलं नाही. तुम्ही पान घेतलं, चिमूट भरली, वळलं, नखानं तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, आणि तुमच्या टायफॉइडची गोष्ट सांगितली. आजारपणाआधी दिवसाला हजार विड्या व्हायच्या. तीन महिने अंथरुणावर काढून परत सुपाशी बसलात तर बोटं ऐकेनात, दिवसभर बसून तीनशे. कारखान्यात जमा करायला गेलात की रांगेतल्या बायका मोजायच्या, चेकर तोंड वाकडं करायचा. "मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "काय करायचं? तीनशेचे पैसे घेतले, घरी आले."

एवढंच. मला वाटलं पुढं काही येईल, की मग मी जिद्दीनं हजार केल्या वगैरे. आलं नाही. तुम्ही पुढची विडी घेतलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चपला घालून माझ्या दारात. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणालात. ते खरं होतं की नाही हे मी अजून तुमच्या सुनेला विचारलेलं नाही. मी पळणार आणि तुम्ही चालणार, हे जमायचं कसं? नियम तुम्हीच काढलात: "दोन खांब पळ, मग माझ्याकडं परत ये." मी दोन खांब पुढं पळायची, वळून तुमच्यापाशी यायची, मग दोन खांब तुमच्याबरोबर चालायची. आणि चालताना बोलायचं. मी धापा टाकत गप्प राहिले की तुम्ही चिडायचात, "मला काय भिंतीशी बोलायला आणलीस का?" त्यामुळे पळताना एवढाच वेग ठेवायचा की परत आल्यावर लगेच तुमच्या जावेच्या भांडणावर मत देता आलं पाहिजे.

अक्का, हे सगळं पुस्तकातलं आहे हे मला पुढे कळलं. बोलता येईल इतक्याच वेगानं पळावं, ही दम वाढवण्याची सगळ्यात जुनी आणि भरवशाची खूण. थोडं पळा, थोडं चाला, परत पळा, हे अमेरिकेतले जेफ गॅलोवे 1970 च्या दशकापासून लोकांना शिकवत आले. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 10 हजार मीटर पळालेला माणूस, आणि शिकवत होता काय तर मधेमधे चाला. मी हे तुम्हाला उत्साहानं सांगितलं. तुम्ही विचारलंत, "त्याची पण पोटरी धरली होती का?"

दोनाचे चार खांब झाले, चाराचे दहा. नळाला पाणी यायची पहाट असेल त्या दिवशी सुट्टी, तो नियम मोडायची हिंमत सोलापुरात कुणाची नाही. सप्टेंबरात एका रविवारी आपण अक्कलकोट रोडनं तुमच्या बहिणीकडे कुंभारीला गेलो, विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळालेल्या त्या 10 हजार घरांतलं एक घर. बहिणीनं मला बघून तेलुगूत काहीतरी विचारलं आणि तुम्ही दोघी पोट धरून हसलात. त्याचा अर्थ तुम्ही अजून सांगितलेला नाही. येताना रिक्षा केली, तेही इथं कबूल करून टाकते.

मग कोजागिरी. तुम्ही दरवर्षी तुळजापूरला चालत जाता हे मला ठाऊक होतं, गल्लीतल्या निम्म्या बायका जातात. पण ते 'जाऊन येणं' असतं, त्याकडे कधी अंतर म्हणून बघितलं नव्हतं. 2023 ला 28 ऑक्टोबरची पौर्णिमा. संध्याकाळी रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघालो. रस्ता माणसांनी भरलेला, 'आई राजा उदे उदे' कधी मागून तर कधी पुढून, दोन्ही बाजूंना मंडळांचा चहा, केळी, पाय चेपून देणारी पोरं. तुम्ही अनवाणी. माझे बूट साडेआठ हजारांचे. तामलवाडीला पोचेपर्यंत माझ्या दोन्ही करंगळ्यांना फोड आले होते. तुम्ही पिशवीतून खोबरेल काढून माझ्या पायाला चोळलंत, आणि मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पाय मागे ओढला. "गप बस," म्हणालात, "विड्यांना लावते तेवढंच लक्ष लावू लाले."

त्या रात्री खंडग्रास ग्रहण होतं. एक वाजून गेला आणि चंद्राच्या कडेला बारीक चावा दिसला. लोक थबकून वर बघायला लागले. वेधात खायचं नाही म्हणून माझ्या हातातलं केळं तुम्ही काढून घेतलंत, पण पाणी पिऊ दिलंत आणि थांबू मात्र दिलं नाहीत. उजाडता उजाडता घाट चढलो.

घरी आल्यावर मी हिशेब केला. सोलापूर ते तुळजापूर साधारण 45 किलोमीटर. मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटरची. म्हणजे तुम्ही दरवर्षी मॅरेथॉनपेक्षा जास्त अंतर रात्रीतून, अनवाणी, मेडलविना जाता, दुसऱ्या दिवशी पानं भिजत घालता, आणि मी 10 किलोमीटर हळू पळताना कुणी बघेल म्हणून डोक्यावर ओढणी घेत होते. ओढणी त्या दिवसापासून खुंटीवर आहे.

जानेवारीत शर्यतीला नाव दिलं, दहाच्या. फॉर्मवर 'अपेक्षित वेळ' असा रकाना होता. मी 47 लिहिलं, खोडलं, 60 लिहिलं, तेही खोडलं आणि मोकळा सोडला. त्या पहाटे गार होतं. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहत होते. छातीवर नंबर लावताना सेफ्टी पिन बोटात घुसली. 'दहाला किती लागतात'वाले गृहस्थ सुरुवातीच्या रेषेवर भेटले, त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, "आज बराच वेळ लागणार आहे." ते म्हणाले, "मलाही." त्यांचा गुडघा गेला होता दोन वर्षांपूर्वी. मला माहीतच नव्हतं.

पहिले 3 किलोमीटर सगळे पुढे जात राहिले. शाळेतली पोरं गेली, एक आजोबा गेले, बाळाची गाडी ढकलणारा एक बाप गेला. तो बाप गेला तेव्हा मात्र जुनी पोरगी आतून उसळली. पाच-पन्नास पावलं मी वेग वाढवलासुद्धा. मग खांब मोजायला लागले.

सातव्या किलोमीटरपाशी, वळणावर, तुम्ही. आदल्या दिवशी म्हणाला होतात की विड्या जमा करायच्यात, जमणार नाही. पदर खोचून, हातात स्टीलचा तांब्या. मी हात केला. तुम्ही तांब्या पुढे केला नाहीत, 'शाब्बास' म्हणाला नाहीत. मोठ्यानं विचारलंत, "डब्याला काय केलीस?"

"वांगं! आणि चटणी! पोरानं खाल्लं नाही!"

तुम्ही मान हलवलीत आणि चालायला लागलात घराकडे. शेजारचे लोक बघत राहिले. तुम्ही पुढे सांगितलंत की मला उत्तर देता आलं नसतं तर तुम्ही रस्त्यात उतरून दंड धरणार होतात.

1 तास 13 मिनिटं. मेडल गळ्यात घेऊन मी तशीच तुमच्या पायरीवर आले आणि आकडा सांगितला, आधीचा आणि आताचा. तुम्ही सूप मांडीवरून खाली न ठेवता म्हणालात, "तीनशे झाल्या म्हण की."

हो अक्का, तीनशे झाल्या. पैसे घेऊन घरी आले.

त्यानंतर आणखी शर्यती झाल्या, वेळही थोडा कमी झाला, त्याचं इथं काही नाही. मला आभार मानायचेत ते त्या पायरीचे, खांबांचे, आणि माझ्या करंगळीला लावलेल्या खोबरेलाचे. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता. आता नात वाचतेय, ऐकावंच लागणार.

आणि बाळा, इथपर्यंत वाचून झालं असेल तर आजीला विचार, उद्या पहाटे नळ येणार आहे, मग परवा पाचला की साडेपाचला?

तुमची,
भिंतीपलीकडची