आई-बाबा, मी सध्या किचनमध्ये नाहीये

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बोलायला गेलो की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहितोय. आई, चष्मा शोधत बसू नकोस, बाबांना मोठ्याने वाचायला सांग.

शेजारच्या काकांनी जे सांगितलं ते खरं आहे. पुण्यात त्यांना ट्रे घेऊन टेबलावर पाणी देताना जो दिसला तो मीच. दिवाळीपासून मी रेस्टॉरंटच्या किचनमध्ये नाही, बाहेर सर्व्हिसला आहे, म्हणजे वेटरचं काम करतोय. तुम्ही रोज फोनवर "आज काय बनवलंस" विचारायचात आणि मी त्या दिवशीच्या मेनूमधलं काहीतरी सांगून मोकळा व्हायचो, ते माझं चुकलं, त्याची माफी मागतो. शेफ व्हायचं म्हणून इंजिनियरची नोकरी सोडली तेव्हा बाबांनी एकच विचारलं होतं, "एवढं इंजिनियर होऊन वेटर होणार का?" ते इतकं डोक्यात बसलं होतं की खरं सांगायची हिंमतच झाली नाही.

एक जपानी सिरीयल आहे, 'बांबिनो!' नावाची. 2007 साली तिकडे निप्पॉन टीव्हीवर लागली होती, अकराच भाग आहेत, सेकिया तेत्सुजी यांच्या मांगावरून म्हणजे तिकडच्या चित्रकथेवरून केलेली. इंग्लिश सबटायटल्स फार पटापट पळतात, आईला ते जमणार नाही, म्हणून गोष्ट मीच सांगतो.

फुकुओका हे जपानच्या पार नैऋत्येला, क्युशू बेटावर. तिथून टोकियोला जायला शिंकान्सेनने, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनने सुद्धा पाच तास लागतात. तिथला बान शोगो नावाचा कॉलेजचा पोरगा एका छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये पार्टटाइम काम करत असतो. हात चांगला, सगळे कौतुक करतात, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटायला लागलेलं. मालक त्याला टोकियोत रोप्पोंगी भागातल्या 'बाक्कानाले' नावाच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मदतीला पाठवतो आणि तिथे त्याची पार दाणादाण उडते. ऑर्डरवर ऑर्डर येतायत, गॅसवर दहा पॅन, कोण काय ओरडतंय कळत नाही, आणि हा मधोमध उभा. मात्सुमोतो जुन नावाच्या नटाने ते काम केलंय. त्याचा तो चेहरा बघून मला किचनमधला माझा पहिला शनिवार आठवला.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. पास्त्यासाठी लसूण कापायला दिला होता, पातळ चकत्या, ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद आचेवर सोनेरी करायच्या. घाईघाईत माझ्या चकत्या काही कागदासारख्या तर काही बोटभर जाड झाल्या, पॅनमध्ये पातळ होत्या त्या काळ्या पडल्या आणि जाड होत्या त्या कच्च्याच राहिल्या. शेफने पॅन माझ्यासमोर धरला, एक शब्द बोलले नाहीत, सगळं ओतून दिलं आणि सहा पाकळ्या परत हातात ठेवल्या. त्या रात्री रूमवर येताना मी किलोभर लसूण आणला आणि पहाटे तीनपर्यंत कापत बसलो, बोटांचा वास चार दिवस गेला नाही.

तर तो बान परत फुकुओकाला जातो, पण मन लागत नाही. कॉलेज सोडतो, एक मुलगी आवडत असते तिलाही मागे सोडतो आणि टोकियोला येतो. आता आपण किचनमध्ये घुसणार आणि दाखवून देणार म्हणून आलेला असतो, आणि त्याला पाठवतात कुठे तर बाहेर हॉलमध्ये! लोकांना बसवायचं, ऑर्डर घ्यायची, प्लेटा उचलायच्या. हे काम करणाऱ्याला, म्हणजे वेटरला, इटालियनमध्ये कामेरिएरे म्हणतात. तो चिडतो, तोंड पाडून काम करतो, मी शेफ व्हायला आलोय हे करायला नाही असं त्याच्या सगळ्या अंगातून दिसत असतं.

बाबा, मी पण तसाच वागलो. पहिले पंधरा दिवस तर गिऱ्हाइकाकडे बघायचो सुद्धा नाही नीट. मग जानेवारीत एक आजोबा आले, बरोबर मुलगा-सून, कुणाचा तरी वाढदिवस असणार. आजोबांसाठी स्पॅगेटी मागवली होती आणि त्यांच्या हाताला कंप होता, काट्याला गुंडाळलेली स्पॅगेटी तोंडापर्यंत जाईपर्यंत सुटायची. दोनदा शर्टावर पडली, तसं त्यांनी काटा खाली ठेवला आणि "भूक नाहीये फारशी" म्हणाले. मी आत गेलो आणि शेफना म्हणालो, तोच सॉस पेनेमध्ये, म्हणजे छोट्या नळ्यांच्या पास्त्यात देता का, वाडग्यात, आणि चमचा. काही न विचारता त्यांनी करून दिलं. मी आजोबांना म्हणालो, शेफनी तुमच्यासाठी वेगळं पाठवलंय. सगळं संपवलं त्यांनी, वाडगा पुसून.

आत किचनमध्ये असतो तर ती स्पॅगेटी अर्धी परत आलेली दिसली असती आणि वाटलं असतं मीठ कमी पडलं असेल.

तेव्हापासून मी प्लेटा उचलताना बघतो कोण काय टाकतंय. रिसोट्टो म्हणजे इटालियन भात आपल्या लोकांना कच्चा वाटतो कारण तांदळाचा दाणा मध्ये किंचित टणक ठेवतात, हे मला आता रोज चार टेबलांवर ऐकायला मिळतं, आणि आधी समजावून सांगितलं की तीच माणसं आवडीने खातात. शेफना हे सगळं रोज रात्री वहीत लिहून देतो. ते वाचतात, बाबा. मागच्या आठवड्यात एक डिश त्यांनी त्यावरून बदलली.

एक विचारायचंय. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपला लागलात तेव्हा पहिलं वर्षभर नुसते डिझेलमध्ये पार्ट धुवायला दिले होते, हे तुम्हीच सांगायचात ना मला? आणि आजीला तेव्हा काय सांगितलं होतंत, पार्ट धुतो म्हणून की इंजिन खोलतो म्हणून?

किचनमध्ये परत कधी घेतील ते शेफनी सांगितलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. पगार तेवढाच आहे, वर टिपचा वाटा मिळतो, या महिन्यात आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांचे पैसे मीच पाठवतोय, बाबांनी परत करू नयेत.

गणपतीला दोन दिवस सुट्टी मागितलीय, लॅपटॉप घेऊन येतो, 'बांबिनो' एकत्र बघू, मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. त्याच्या आधी जमलं तर तुम्ही दोघं एकदा पुण्याला या. मंगळवारी गर्दी कमी असते. खिडकीजवळचं टेबल ठेवतो, ऑर्डर मीच घेईन. बाबा, तिखट कमी नसेल याची काळजी मी घेतो. आणि काकांना पण घेऊन या, त्या दिवशी मी त्यांना ओळख न दाखवता आत निघून गेलो, ते मला लागून राहिलंय.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, लसणाची चटणी संपली. इथले सगळे पोरं स्टाफ मीलला तीच मागतात, येताना जास्त आण.