आई-बाबा, यंदा गणपतीला येणं जमणार नाही

नॉर्थ बेरिक, स्कॉटलंड, 14 जून

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. फोनवर तीनदा ओठांवर आली आणि तिन्ही वेळा मी "पाऊस कसा आहे?" विचारून विषय बदलला. मी यंदा गणपतीला येत नाहीये. आणि एडिंबरातली बँकेतली नोकरी मी मेअखेर सोडली.

बाबा, चष्मा पुसून पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत. घाबरू नका. दुसरं काम हातात घेऊनच ती सोडली. पगार कमी आहे, पण दर महिन्याला घरी येतात ते पैसे तेवढेच येतील. हिशेब मी दोनदा घातलाय. खोली लहान असली तरी उबदार आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, उकडे तांदूळ एडिंबरातल्या दुकानात मिळतात आणि रोज रात्री पेज होते. गेल्या महिन्यात कुळथाचं पीठ संपलं, एवढीच काय ती अडचण.

काम पक्ष्यांचं आहे. गेली चार वर्षं शनिवार-रविवारी हौसेने करत होते, तेच आता रोज. बाबा, ओट्यावर जमणाऱ्या मुलांसाठी तुम्ही "तिकडच्या एखाद्या पक्ष्याचं लिहून पाठव" म्हणाला होतात ना? तेही यातच लिहिते. म्हणजे मी का थांबले, हे मुलांना सांगता सांगता तुम्हालाही कळेल.

पक्ष्याचं नाव गॅनेट. इथून होडीने गेलं की समुद्रात एकच एक कातळ उभा दिसतो, बास रॉक. किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटर, उंची 107 मीटर. लांबून बघावं तर चुना फासल्यासारखा पांढरा. जवळ गेलं की तो पांढरेपणा हलायला लागतो, कारण ते सगळे पक्षी असतात. जगात गॅनेटची सर्वांत मोठी वस्ती हीच म्हणतात. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातही हा कातळ आहे, मोरस बासानस. होडी पोहोचायच्या आधी वास येतो, आपल्याकडे सुकी मासळी वाळत घातली की येतो त्याच्या दसपट. मला आता तो काही वाटत नाही.

मुलांना आकार दाखवायचा असेल तर ओट्यावर दोन मुलांना हात पसरून शेजारी उभं करा. पंख पसरले की 1.8 मीटर, बाबा, तुमच्या उंचीहून जास्त. वजन मात्र तीन किलो. अंग पांढरंशुभ्र, पंखांची टोकं काळी, आणि डोक्या-मानेवर हळदीचा हात फिरवल्यासारखा पिवळसर रंग.

आणि याचा सूर! आपल्या माडाच्या शेंड्याहूनही उंच, तीस-तीस मीटरवरून तो मासा हेरतो. दोन्ही डोळे पुढे बघणारे असल्यामुळे अंतर अचूक कळतं. मग खाली तोंड करून पडतो आणि पाण्याला टेकायच्या ऐन क्षणी पंख पार मागे ओढून घेतो, अंगाची सुई करतो. तेव्हा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. आपण एवढ्या वेगाने पाण्यावर आदळलो तर हाडं मोडतील. त्याच्या चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, त्या मार झेलतात. आणि बाबा, त्याला बाहेरून नाकपुड्याच नसतात! त्या चोचीच्या आत असतात, त्यामुळे पाणी नाकात शिरत नाही.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली विहीर आठवली. कमरेला डबा बांधून तुम्ही मला कठड्यावर उभं केलं होतंत. मी सूर मारला, नाकात पाणी गेलं आणि वर येऊन एवढी रडले की आई पोळपाट टाकून धावत आली. त्या दिवशी तुम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी आईनेच मला विहिरीवर नेलं. आई, तुला आठवतं का गो?

गॅनेट खातो काय? बांगडा. खरंच. आपल्या बांगड्याचाच इथला चुलतभाऊ, पाठीवर वेड्यावाकड्या काळ्या रेघा असलेला. शिवाय हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातली. कुठे सूर पडतायत ते बघून मासळीचा थवा कळतो. रापणीला जाताना आजोबा कुरव बघायचे, तसंच.

अंडं एकच घालतात. उबवायला पोटाखाली घेत नाहीत, पाय वापरतात. काल दुर्बिणीतून अगदी जवळून बघितलं. मादीने दोन्ही पडदेवाले पाय, बोटांवर हिरवट-निळ्या रेघा असलेले, एकेक करून अंड्यावर ठेवले. तान्ह्याच्या टाळूवर हात ठेवावा इतकं हळू. असे सुमारे 44 दिवस. दोघं पाळ्या लावतात. दुसरा आल्याशिवाय पहिला उठत नाही. आला की चोचीला चोच लावून माना हलवतात, आणि निघणारा आधी चोच आभाळाकडे करून "मी निघतो" असं सांगतो, मगच उडतो. आईची दवाखान्यातली रात्रपाळी संपून ती दारात येईपर्यंत बाबा शाळेची सायकल बाहेर काढायचे नाहीत, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि दुर्बीण धुरकट झाली.

आता मी का थांबले, ते. 2014 मध्ये या कातळावर पंचाहत्तर हजारांवर घरटी मोजली होती. 2022 च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लू आला. मी तेव्हा किनाऱ्यावर होते, रोज लाटांबरोबर मेलेले पक्षी यायचे. पुढच्या वर्षीच्या मोजणीत बावन्न हजारांच्या आसपास घरटी उरली होती. जे वाचले त्यातल्या काहींचे फिक्कट निळे डोळे काळे झाले, ते त्या आजारातून उठलेले. आम्ही ठरावीक घरटी पिल्लू उडेपर्यंत बघतो. या आठवड्यात पिल्लं बाहेर यायला लागलीत, जन्मतः काळी, उघडी, मग पांढऱ्या लवीची. सुमारे नव्वद दिवसांनी, म्हणजे ऐन गणपतीच्या सुमारास, ती कड्यावरून उडी टाकतात. तोवर आई-बापांहून जाड झालेली असतात, पाण्यावर पडली की परत उडताही येत नाही. आठवडाभर, कधी जास्त, अंगच्या चरबीवर पोहत दक्षिणेला जातात, पुढे पार पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत. अंगावरचा काळपटपणा जाऊन पूर्ण पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. पिल्लू गेल्यावरही ते दोघं कितीतरी दिवस रिकामं घरटं राखत बसतात.

हे वाक्य लिहून खोडावंसं वाटलं. राहू दे. गणपतीवरच्या माटवीला कवंडाळाची फळं बांधताना तुम्हाला माझी जागा रिकामी दिसेल हे मला माहीत आहे. दादा-वहिनी मुलांना घेऊन पाचही दिवस आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. ऑक्टोबरअखेर कातळ रिकामा होतो. जानेवारीत मी येते, सहा आठवडे. तिकीट काढलं आहे, नुसतं म्हणत नाही.

आता ऐका. आई, दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू श्रावणाआधी काढायचाच. "पावसात नको" ही सबब मागच्या वर्षीही होती. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, आठवल्यावर नाही. डबी टीव्हीजवळ ठेवा. शेवाळ धरलेल्या पायरीवर एकट्याने जायचं नाही. अंगणातला बल्ब बदलायला शेजारच्या मुलाला हाक मारा. रागावून लिहीत नाहीये, रात्री इथे वारा सुटला की मनात तेच येतं.

मुलांना आणखी एक नक्की सांगा. पावसाळी वादळात आपल्या किनाऱ्यावर कधीकधी गॅनेटचा भाऊबंद, मास्क्ड बूबी, दमून पडलेला सापडतो. पांढरा, तोंडाशी काळा. त्याला परत पाण्यात ढकलायचं नाही, आणि चावतो म्हणून चोच दोरीने बांधायची नाही, श्वासच कोंडेल. टॉवेल टाकून खोक्यात ठेवायचा आणि वनखात्याला कळवायचं.

होड्या बंदीत वर काढल्या असतील. नारळी पौर्णिमेला माझ्या नावाचा एक नारळ टाका.

तुमची,
चिमी

ता. क. कुळथाचं पीठ दादाबरोबर पुण्याला द्या, त्याचा मित्र ऑगस्टमध्ये इकडे येतोय. आई, जाडसर दळ.